बिनआवाजाची गाडी

सोमणांनी बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून ते आमच्याकडे बघत राहिले. लाँड्रीच्या अंगणात त्या पांढऱ्या गाडीभोवती आम्ही सात-आठ जण गोळा झालो होतो. काहीच झालं नाही. काचेमागं एक हिरवा दिवा तेवढा लागला.

“चालू हाय व्हय ही?” बाबालालचाचांनी विचारलं.

“चालू आहे,” सोमण म्हणाले.

चाचा पुढं झाले आणि त्यांनी बॉनेटवर तळवा टेकवला. ताप बघावा तसा थोडा वेळ तिथंच ठेवला. मग हात काढून पँटला पुसला.

“मेल्यागत हाय,” ते म्हणाले. बाकीचे चारही ड्रायव्हर हसले. मीही हसले.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. कराडला इंजिनिअरिंग करून नुकती वाईला परतले होते, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती.

लाँड्री माझ्या आत्याची. आमच्या आजोबांनी कृष्णेच्या काठावर गावातले कपडे धुतले; आत्यानं नवऱ्यामागं ते काम नदीवरून शेडमध्ये आणलं, मशीन घेतली, आणि पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुवायला घेतले. सकाळी धुतलेले गठ्ठे घाटावर जायचे, मळलेले खाली यायचे. त्यासाठी पाच डिझेल व्हॅन होत्या, सगळ्या म्हाताऱ्या. पहाटे त्या सुरू झाल्या की अख्खी गल्ली जागी व्हायची. मला मात्र त्या आवाजानं गाढ झोप लागायची, इतका तो ओळखीचा होता.

त्या वर्षी पाचगणीच्या सगळ्यात मोठ्या हॉटेलनं निरोप धाडला. पाहुणे झोपलेले असताना आवारात धूर आणि खडखडाट नको. गाड्या बदला, नाहीतर आम्ही पुण्याची लाँड्री बघतो. ते हॉटेल म्हणजे आमचं निम्मं काम. ते गेलं असतं, तर इस्त्रीवरच्या अकरा बायकांपैकी पाच-सहा जणींना घरी बसवावं लागलं असतं. आत्या त्या नावांची यादी करायला तयार नव्हती.

निव्वळ बॅटरीवरच्या गाडीचा विचार झाला. पण तेव्हाच्या त्या गाड्या गठ्ठ्यांनी भरल्यावर महाबळेश्वर गाठून परत येतील याची खात्री कुणी देईना. मग मीच ही शोधून काढली. पुण्यातली एक छोटी कंपनी अशा थोड्या गाड्या बनवून बघत होती. घरच्या प्लगला लावून चार्ज करायची, चढावर वीसेक किलोमीटर विजेवर जायची, बॅटरी उतरली की पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू व्हायचं. घाट उतरताना ब्रेक लावला की थोडी वीज परत भरायची. हॉटेलच्या आवारात विजेवर, लांबच्या रस्त्याला पेट्रोलवर. आमच्यासाठीच कुणी बेतल्यासारखी होती. कंपनीनं एक गाडी आठवड्याच्या बोलीवर चालवून बघायला दिली आणि सोबत आपले इंजिनिअर सोमण पाठवले.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाबालाल म्हणतील ती गाडी.”

बाबालाल मुलाणी म्हणजे आमचे पहिले ड्रायव्हर. एकतीस वर्षं घाट चढले-उतरले, पण गाडीला कधी ओरखडा नाही. आत्या गाड्यांच्या बाबतीत त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. मला तर त्यांनीच वाढवलं म्हणायला हरकत नाही. माझी शाळा पाचगणीला. सकाळी गठ्ठ्यांच्या गाडीत त्यांच्याशेजारी बसून मी वर जायची आणि दुपारी मळक्या चादरींच्या वासात खाली यायची. वाटेत ते माझी परीक्षा घ्यायचे. “ऐक. गाडी आता कुठला गिअर मागतीया?” मी कान देऊन ऐकायची. “तिसरा?” “दुसरा, येडे. चढ बघ की.” पुढं अठराव्या वर्षी त्यांनीच मला गाडी शिकवली. डोळे रस्त्यावर ठेव, म्हणायचे, गाडी कानानं चालव. वळणावर समोरून येणारी एस्टी दिसायच्या आधी त्यांना कळायची, आणि कडेला थांबून ते माझ्याकडे बघायचे. दहाच्या आकड्यापर्यंत मोजलं की एस्टी यायची. लहानपणी मला ती जादू वाटायची.

पहिल्या दिवशी मी त्यांच्याशेजारी बसूनच वर गेले. दोन्ही काचा खाली, हात गच्च स्टिअरिंगवर. चाचा असे कधी बसायचे नाहीत. त्यांचा एक हात कायम गिअरवर सैल पडलेला असायचा. या गाडीला गिअरच नव्हता, एक खटका होता, पुढं-मधे-मागं. पाचगणीच्या पुढं, महाबळेश्वरच्या वाटेवर बॅटरी उतरली आणि इंजिन सुरू झालं. मी म्हणाले, “बघा, आता पेट्रोलवर आली. कळलंसुद्धा नाही.”

ते काही बोलले नाहीत. मी पुन्हा सांगितलं, तरी नाही. मला वाटलं, रुसलेत.

“गाडी बोलत न्हाई,” बऱ्याच वेळानं ते म्हणाले.

“हॉटेलवाल्यांना तेच तर हवंय.”

त्याचंही उत्तर आलं नाही. त्यांच्यात बदल झालाय हे मी घरी आल्यापासून बघत होते. ड्रायव्हर कुजबुजायचे की चाचा हल्ली तोऱ्यात असतात, हाक मारली तर बघत नाहीत. मीही मनात तसंच काहीतरी ठरवून टाकलं होतं. माणूस म्हातारा झाला की हेकट होतो, एवढंच मला तेव्हा माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी आत्यानं त्यांना ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे इस्त्रीच्या खोलीचा पत्र्यानं आडोसा केलेला कोपरा. आत्या खुर्चीवर, मी दाराजवळ, बाहेर ड्रायव्हर कान टवकारून.

“कशी वाटली?” आत्यानं विचारलं.

“नगं, अक्का.”

“काय खोट आहे?”

“खोट न्हाई. पर नगं. डिझेलच्याच नव्या घ्या.”

“नव्या डिझेलच्या त्या हॉटेलात चालतील का?”

“ते मला म्हाईत न्हाई,” असं म्हणून ते वळले आणि माझ्या अंगावरून दाराबाहेर पडले.

मला राग आवरला नाही. मी सगळ्यांच्या देखत त्यांच्या पाठीमागून बोलले, “चाचा, तुम्हाला डिझेलच्या वासाशिवाय करमत नाही म्हणून लाँड्री बुडवायची का? तुमचे दिवस संपले, ते कबूल करा की एकदा.”

ड्रायव्हरांनी माना खाली घातल्या. चाचा थांबलेसुद्धा नाहीत. अंगण ओलांडून ते नळाशी गेले, तोंड धुतलं आणि रुमालानं पुसत बसले. इतकं बोलूनही माणूस ढिम्म राहतो म्हणजे काय, असं वाटून मी आणखीच चिडले.

आत्या एवढंच म्हणाली, “तुझी जीभ तुझ्या बापावर गेलीय.”

आठवड्याचे दिवस भरायचे म्हणून गाडी तरीही चालत राहिली. पाचव्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्याच मोठ्या हॉटेलच्या मागच्या आवारात पोचलो. सोमण त्या दिवशी दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर डिझेलच्या गाडीतून चढाच्या नोंदी घ्यायला महाबळेश्वरला गेले होते. आवाराला उतार होता. टोकाला दगडी भिंत, आणि भिंतीपाशी हॉटेलच्या शेवंताबाई आमच्याकडे पाठ करून, उकिडव्या बसून मळके टॉवेल मोजत होत्या. मी आधीच उतरून सही घ्यायला मुदपाकखान्याच्या दाराशी गेले.

आमच्या जुन्या गाड्यांचे हँडब्रेक नावालाच होते. उतारावर थांबायचं तर सगळे ड्रायव्हर एकच करायचे: इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, आणि चाकाखाली लाकडाचा ठोकळा. चाचांनी तेच केलं. खटका पुढं जायच्या जागी ठेवला, बटण दाबलं आणि गाडीत मागं ठेवलेला ठोकळा काढायला उतरले. पण बटण नीट दाबलं गेलं नव्हतं. गाडी चालूच होती.

त्यांनी दार उघडलं तशी गाडी ओरडायला लागली. टीं, टीं, टीं. चालू गाडीचं दार उघडलं की तसा कर्कश आवाज व्हायचा. मला तो दारातून स्पष्ट ऐकू येत होता. मी वाट बघत होते की चाचा आता मागं फिरतील. ते मागचं दार उघडून निवांतपणे गठ्ठा सरकवत होते. आणि गाडी हलली. आधी बोटभर, मग हातभर. शेवंताबाईंच्या पाठीच्या दिशेनं ती चालली होती, आणि नुसत्या टीं-टींवरून गाडी हलतेय हे त्या बिचारीला कळण्यासारखं नव्हतं; चाकांखाली काहीच वाजत नव्हतं.

“चाचा, गाडी!” मी ओरडले. ते ठोकळा शोधत होते. मी दोनदा ओरडले, मग पळाले. उघड्या दारातून कशीबशी आत गेले आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा शेवंताबाईंनी वळून बघितलं आणि बसल्या जागीच त्या मागं कलंडल्या. बंपर आणि त्यांच्यात हातभर अंतर राहिलं होतं.

मागचा गठ्ठा दारातून घसरून खाली पडला होता. चाचा तिथं उभे होते, ठोकळा हातात. मी काहीतरी बोलत होते, बहुतेक रडत होते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळ्यांत नव्हे, ओठांकडे.

मग मला कळलं.

शेवंताबाईंना पाणी दिलं, त्यांच्या पाया पडले. मॅनेजर धावत आले. शेवंताबाई एकच सांगत राहिल्या, “गाडी आपोआप सुटली हो, गाडीत कुणीच नव्हतं.” मॅनेजर म्हणाले, असली गाडी आमच्या आवारात नको, मी मॅडमना फोन करतो. मी काही बोलले नाही. चाचाही काही बोलले नाहीत.

परतताना गाडी मी चालवली. घाटात एक मोकळी जागा आहे, जिथून खाली सगळी वाई आणि धोम धरणाचं पाणी दिसतं. तिथं चाचांनी हातानं थांब म्हणून खूण केली. आम्ही कठड्यावर बसलो. मी मुद्दाम त्यांच्या समोर, तोंड दिसेल अशी बसले.

“किती दिवस झाले?” मी विचारलं.

“डावा दोन वर्सं. उजवा ह्या दिवाळीपासनं.” त्यांनी उजव्या कानाला हात लावला. “थोडं येतं. पाण्यात बुडल्यावर येतं तसं.”

“आणि तरी घाट चालवत होता?”

“डिझेलची गाडी पायाला सांगती, पनू. तळव्यातनं कळतं. गिअरचा दांडा हाताला सांगतो. इंजिन कुटं दमलं, कुटं खूश हाय, सगळं अंगातनं कळतं. मला वाटलं, कान गेलं तर काय झालं, बाकी अंग हाय की.” त्यांनी पांढऱ्या गाडीकडे बघितलं. “ही काईच सांगत न्हाई. हिच्यात बसलो आन् मी खरोखर बहिरा झालो.”

“म्हणून नको म्हणालात.”

“म्हणून.”

खाली धरणाच्या पाण्यावर ऊन पडलं होतं. मला शाळेच्या वेळच्या सकाळी आठवत होत्या, आणि त्या आठवणी मला तेव्हा नको होत्या.

“चाचा, परवा मी ऑफिसात जे बोलले—”

“काय बोललीस?”

त्यांना खरंच माहीत नव्हतं.

“तुमच्या पाठीमागं बोलले होते.”

“मग ऱ्हाऊ दे. पाठीमागचं मी दोन वर्सांत काई ऐकलेलं न्हाई.” ते किंचित हसले. “आन् चांगलं असतं तर तू असलं तोंड केलं नसतंस.”

मी त्यांना काय करू ते विचारलं नाही, आणि त्यांनीही मला गप्प राहा म्हणून सांगितलं नाही. पण दोघांनाही दिसत होतं. मी गप्प राहिले तर दोष गाडीवर जाणार. गाडी परत जाणार, चाचा डिझेलवर राहणार, हॉटेल मात्र बहुतेक जाणार. मी बोलले, तर एकतीस वर्षांचा माणूस एका वाक्यात घरी बसणार. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात माझं मन गप्प राहण्याकडेच झुकलं होतं. शेवंताबाईंची ती पाठ डोळ्यांसमोर असूनसुद्धा.

लाँड्रीत पोचलो तेव्हा आत्या अंगणातच उभी होती. मॅनेजरचा फोन आला होता. थोड्या वेळानं सोमणही परतले आणि ते ऐकून पांढरेफटक पडले.

“गाडी आपोआप सुटणं शक्य नाही, मॅडम,” ते म्हणत होते. “मी तपासतो. काहीतरी—”

“तपासा आणि घेऊन जा,” आत्या म्हणाली. “माणूस मेलं असतं. बाबालाल पहिल्या दिवसापासून नको म्हणत होते, मीच ऐकलं नाही.”

सोमणांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

चाचा पुढं आले. आत्याच्या अगदी समोर, दोन पावलांवर उभे राहिले. खिशातून गाडीची किल्ली काढून त्यांनी तिच्या हातात ठेवली, आणि मग डिझेलच्या गाडीची किल्लीसुद्धा.

“अक्का, गाडी सुटली न्हाई. मी चालू ठिवून उतरलो. ती वरडत हुती म्हनं. मला ऐकू आलं न्हाई.”

“असं कसं ऐकू आलं नाही?”

“मला ऐकू येत न्हाई.”

इस्त्रीच्या खोलीतून बायका दारात आल्या होत्या. आत्या काहीतरी बोलली. इतक्या हळू की मलाही कळलं नाही. चाचांनी मान हलवली.

“त्वांड वर करून बोला, अक्का. मग कळतं मला.”

आत्यानं पदरानं तोंड पुसलं आणि मान वर केली.

“परवा नको का म्हणालात?”

“परवा माझ्यापुरतं बोललो. आज गाडीचं सांगतो. गाडी ब्येस हाय. पाची हीच घ्या. घाटाला जोर हाय, उतरताना आपलं पोट आपन भरती. फकस्त उतारावर कसं थांबायचं ते ह्यांना नव्यानं शिकवाया लागंल.” त्यांनी ड्रायव्हरांकडे हात केला. “आमची सवय वाईट हाय. गाडी वाईट न्हाई.”

मग ते जाऊन चपला घालायला लागले. एकतीस वर्षं ते या अंगणातून असेच घरी जायचे. त्या दिवशी फक्त दुपार होती.

“बाबालाल,” आत्यानं हाक मारली. ते चालतच राहिले. आत्या त्यांच्यामागं गेली. माझी आत्या कुणाच्या मागं जाताना मी त्याआधी बघितली नव्हती. फाटकाजवळ तिनं त्यांची बाही धरली आणि त्यांना वळवलं.

“शिकवायला लागेल म्हणालात. कोण शिकवणार?”

त्यांनी वळून अंगणातल्या पांढऱ्या गाडीकडे बघितलं.

“मी शेजारी बसीन,” ते म्हणाले. “चालवनार न्हाई.”

आत्यानं दुसऱ्या दिवशी स्वतः पाचगणीला जाऊन मॅनेजरला आणि शेवंताबाईंना घडलं तसं सांगितलं. काही न झाकता. हॉटेलनं आणखी महिनाभर बघू म्हटलं, आणि तो महिना पुढं वाढतच गेला. आधी दोन गाड्या आल्या, मग उरलेल्या तीन. शेडच्या भिंतीला एका ओळीत प्लग बसले. चाचा रोज एकेका ड्रायव्हरच्या शेजारी बसून घाट चढले. इंजिन कधी सुरू झालं हे ते डॅशबोर्डवर बोटं टेकवून ओळखायचे. चार महिन्यांत त्या गाडीचाही कंप त्यांच्या बोटांना समजायला लागला. बॅटरी पुरवून चालवण्यात आमचे ड्रायव्हर कंपनीच्या अंदाजाच्या पुढं गेले, तेव्हा सोमण पुण्याहून मुद्दाम बघायला आले.

चाचांना कानाचं यंत्र लावायला मात्र वर्ष गेलं. आधी नको म्हणाले, मग लाजले, मग एक दिवस लावून आले आणि इस्त्रीच्या खोलीत दोन मिनिटं उभे राहून म्हणाले, “ह्या बाया एवढ्या बोलतात व्हय?”

त्यानंतरच्या जानेवारीत आम्ही सगळ्या ड्रायव्हरांचे डोळे आणि कान तपासायचे ठरवले. साताऱ्याहून डॉक्टर आले, ऑफिसच्या आडोशाला टेबल मांडलं. ड्रायव्हर अंगणात उभे, आणि कुणी पहिलं पाऊल टाकेना. आत काही निघालं तर काय, हे प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. आत्यानं सांगितलं, कुणाची नोकरी जाणार नाही. तरी कुणी हलेना. सगळ्यांच्या मागं हणमंत होता, आमचा दुसऱ्या नंबरचा ड्रायव्हर. तो तर फाटकाकडं सरकायला लागला होता.

चाचा त्याच्यापाशी गेले. भर अंगणात, बायकांच्या आणि पोरांच्या देखत, त्यांनी कानातलं यंत्र काढलं आणि हणमंतच्या तळहातावर ठेवलं.

“बघ,” ते म्हणाले. “एवढंच असतंय.”

हणमंत ते थोडा वेळ बघत राहिला. मग त्यांना परत दिलं, चप्पल काढली आणि आत गेला.